वेरूळचा धबधबा आणि वाटेवरचा हौद

जुलै उजाडला की फेल्डहोवनमधील आपल्या घरांत बॅगा भरण्याची लगबग सुरू होते. येथील शाळांची सहा आठवड्यांची उन्हाळी सुट्टी आणि आषाढ पौर्णिमेपासूनचा वर्षावास साधारण एकाच काळात येतात. या दिवसांत मायदेशी जाणाऱ्या कुटुंबांना आम्ही एक स्थळ आवर्जून सुचवू इच्छितो : वेरूळच्या लेण्यांमधील धबधबा.

छत्रपती संभाजीनगरपासून वेरूळ सुमारे ३० किलोमीटर अंतरावर आहे. येथील ३४ लेण्यांपैकी पहिली १२ बौद्ध आहेत. दहाव्या लेण्यातील चैत्यगृहात तथागतांच्या मूर्तीपुढे वंदना करावी आणि लेण्यांच्या रांगेने उत्तरेकडे निघावे. ‘सीता की न्हाणी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या २९व्या लेण्यापाशी येळगंगा काळ्या कातळावरून खालच्या डोहात कोसळताना दिसते. यासाठी डोंगर चढावा लागत नाही. वाट सोपी आहे. आजी-आजोबांनी नातवंडांचा हात धरून सावकाश जावे. ओल्या पायऱ्यांवर मात्र जपावे, आणि मंगळवारी लेणी बंद असतात हे ध्यानात ठेवावे.

वर्षावासाचे तीन महिने भिक्खूंनी एके ठिकाणी राहावे, हा संघाचा नियम. अशा निवासाला छप्पर हवे तसे पाणीही हवे. म्हणूनच महाराष्ट्रातील लेण्यांत जागोजागी खडकात खोदलेली पाण्याची टाकी आढळतात. कान्हेरी आणि जुन्नर येथील शिलालेखांत अशा टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे आणि ती दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत. पाणी देणे हे त्या समाजात पुण्यकर्म होते.

वेरूळच्या याच वाटेवर दौलताबादचा किल्ला लागतो. तेथे थांबल्यावाचून पुढे जाऊ नये, असे आमचे मत आहे. १९३४ साली बाबासाहेब आंबेडकर चळवळीतील सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहण्यास निघाले होते. सुमारे तीस जण होते. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या त्या मंडळींपैकी काहींनी किल्ल्याजवळच्या काठोकाठ भरलेल्या हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले. तोच एक वृद्ध मुसलमान गृहस्थ हौद बाटवला म्हणून ओरडत धावत आला. पाहता पाहता जमाव जमला. हेच का तुमचा धर्म शिकवतो, असे बाबासाहेबांनी त्यांना विचारले. अखेर किल्ल्यात प्रवेश मिळाला, पण आत कोठेही पाण्याला स्पर्श करायचा नाही, या अटीवर. त्यावर लक्ष ठेवण्यासाठी एक सशस्त्र शिपाई सोबत देण्यात आला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह होऊन तेव्हा सात वर्षे झाली होती.

आपली मुले नेदरलँड्समध्ये वाढत आहेत. हा सपाट मुलूख. येथील पाणी कालव्यांतून आणि बांधांआडून वाहते. येथे लहान वयातच मुलांना पोहण्याच्या वर्गाला घालतात आणि अंगावरच्या कपड्यांनिशी पोहून दाखवल्यावर त्यांना पहिला डिप्लोमा मिळतो. तलावात उतरताना त्यांना कोणी जात विचारीत नाही. पाण्याला हात लावण्यासाठी कधी काळी सत्याग्रह करावा लागला, हे त्यांना पुस्तकातून कळेलही; परंतु किल्ल्याच्या दाराशी उभे राहून ऐकले तर ते अधिक उमजेल.

हे सांगताना मुलांच्या मनात कोणत्याही धर्माच्या माणसांविषयी कटुता रुजू नये, याची काळजी मोठ्यांनी घ्यावी. दोष माणसाला अस्पर्श ठरविणाऱ्या रूढीचा होता आणि ती रूढी धर्माच्या सीमा ओलांडून पसरली होती, हेच बाबासाहेबांना दाखवायचे होते.

म्हणून प्रवासाचा क्रम असा असावा : आधी दौलताबाद, मग वेरूळ, आधी तो प्रसंग, मग धबधबा. काठावरून तुषार अंगावर घेताना ही सोपी वाट आपल्यासाठी कोणी मोकळी केली, हे मुलांना निराळे सांगावे लागणार नाही.

जय भीम.