शिवडीच्या चिखलात उभी राहील अशी होडी

मुंबईचा पूर्व किनारा लोकांसाठी खुला करण्याची चर्चा निघाली की शिडाच्या नौकांसाठी मरीना हवा, ही मागणी पाठोपाठ येते. मागणी रास्त आहे. पण नौका खोल बुडाचीच असणार आणि तिच्यासाठी गाळ उपसावाच लागणार, हे तिच्यात धरूनच चाललेले असते. शिवडीला ते लागू पडत नाही. इथे उधाणाला पाणी चार मीटरांच्या आसपास चढते-उतरते आणि ओहोटीला धक्क्यापासून दूरवर नुसता चिखल उरतो. त्याच चिखलावर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत हजारो रोहित पक्षी पोट भरतात. उपसलेल्या जागी खाडीचा गाळ पुन्हा साचतो, म्हणजे उपशाचा खर्चही कायमचा. माझे म्हणणे असे, की चिखलाला हात लावू नये, होडी बदलावी.

नौका कलंडू नये म्हणून तळाखाली जे जड पाते असते, त्याला कील म्हणतात. मधोमध एकच खोल कील असली तर ओहोटीला होडी कुशीवर पडते. तिच्याऐवजी दोन्ही बाजूंना एकेक आखूड कील दिली, की पाणी ओसरल्यावर होडी स्वतःच्या पायांवर उभी राहते. भरती-ओहोटीच्या खाड्या असलेल्या ब्रिटनमध्ये हीच रचना रुजली. १९६९ मध्ये आलेली, २६ फुटांची ‘वेस्टर्ली सेंटॉर’ जेमतेम तीन फूट पाण्यात तरंगते. तशा दोन हजारांहून अधिक नौका बांधल्या गेल्या. झोपायला बाकडी, एक स्टोव्ह, पाण्याची टाकी, वारा पडला तर लहानसे इंजिन, एवढ्यावर चार माणसांचा दोन दिवसांचा प्रवास होतो. पावसाळ्यात अशी होडी किनाऱ्यावर ओढली, तर तिला खास टेकूही लागत नाही.

पाण्याकडे बघून होडी घडवणे आपल्याला नवे नाही. १६७९ मध्ये खांदेरीच्या लढाईत मराठ्यांची उथळ बुडाची गलबते नागावच्या खाडीत शिरत आणि इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना त्यांच्यामागे जाता येत नसे. लहान नौकेची ताकद कळायला तर मुंबईचेच उदाहरण आहे. ३२ फुटांची ‘सुहैली’ १९६०च्या दशकात कुलाब्यात सागवानात बांधली गेली. इथल्या सुतारांनी वासला आणि दोरीने फिरवायचा सामता अशा हातहत्यारांनी ती घडवली. तीच नौका घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये ३१२ दिवसांत, एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले ठरले. वाटेत आपोआप दिशा राखणारे यंत्र मोडले. पण लांब, सलग कीलमुळे शिडे नीट जुळवली की सुहैली आपली दिशा धरून राही. ती वेगवान नव्हती. नॉर्वेच्या बचाव-होड्यांवरून घेतलेला तिचा घाट खवळलेल्या समुद्रासाठी होता, आणि समुद्र तसाच भेटला. शिवडीत मात्र सुहैलीची नक्कल चालायची नाही, तिला पाच फुटांहून जास्त पाणी लागते. घ्यायचा तो विचार, आकार नव्हे.

दोन कीलची होडी वाऱ्याच्या तोंडाकडे जाताना जास्त वाहवते, हा आक्षेप खरा आहे. शर्यतीसाठी ती घेऊच नये. पण शिवडीहून जायचे ते घारापुरीला, उरणला, फार तर रेवसला. तिथवर थोडे वाहवणे परवडते. चिखल फार मऊ आहे, ओहोटीला उतरता येणार नाही, हेही खरे. तेव्हा निघणे-परतणे भरतीच्या वेळेनेच ठेवावे लागेल, जसे कोळी आजवर ठेवत आले आहेत. पक्ष्यांची काळजी मला सर्वांत मोलाची वाटते. म्हणून होड्या सध्याच्या धक्क्यालगतच राहाव्यात, चरण्याच्या जागेत एकही नांगर पडू नये. हा श्रीमंतांचा खेळ आहे, असे म्हटले जाते. तो तसा होतो, कारण खोल बुडाच्या नौकेला उपसलेले बंदर लागते आणि त्याचे भाडे मोजकेच लोक भरू शकतात. उपसाच नको असेल तर सात-आठ मीटरांची एक होडी दहा कुटुंबे मिळून किंवा एखादे कॉलेज सांभाळू शकते.

मुंबई बंदर प्राधिकरणाने मरीनाचा आराखडा करण्याआधी शिवडीच्या धक्क्यालगत अशा दहा होड्यांना जागा द्यावी, आणि गाळ आहे तिथेच राहू द्यावा.