दिवा लागेना!

दिवाळीच्या साफसफाईत घरातल्या पुरुषमाणसाने मध्ये लुडबूड करू नये, हा आमच्या घरचा जुना दंडक. मी तो इमानेइतबारे पाळतो. पण गेल्या वर्षी सौ.ने माळ्यावरून काढलेल्या वस्तूंचा ढीग दारात रचला आणि त्या ढिगात, फुटक्या कढईच्या आणि बिनपात्यांच्या पंख्याच्या मध्ये, अण्णांचा लॅपटॉप दिसला, तेव्हा मात्र मला राहवले नाही.

"अहो, चार वर्षांत कोणी हात लावलाय का त्याला? भंगारवाला आज येणार आहे," सौ. म्हणाली.

तिचे चुकले नव्हते. चुकले होते ते अस्मादिकांचे. अण्णा, म्हणजे माझे वडील, गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करून निवृत्त झाल्यावर त्यांना आपले स्वतःचे काही लिहावेसे वाटले. २०१२ च्या दिवाळीत आम्ही तो लॅपटॉप घेतला. अण्णांनी क्लास लावून मराठी टंकलेखन शिकून घेतले, आणि पुढे पाच वर्षे रोज सकाळी चहानंतर टकटक चालू असे. मग नजर अधू झाली, टकटक थांबली. "याची एक प्रत काढून ठेव रे," असे ते मला कितीदा तरी म्हणाले. "या रविवारी काढतो," असे मी तितक्याच वेळा म्हणालो. वाचकहो, तुमच्याही घरी असे काही रविवार शिल्लक असतील.

आता अण्णा शहाऐंशीचे. सकाळी काय खाल्ले ते दुपारी आठवत नाही. पण दिवसातून एकदा तरी विचारतात, "अरे, माझं बाड कुठं आहे?"

मी तो लॅपटॉप पुसून टेबलावर ठेवला, वायर लावली, बटण दाबले. दिवा लागेना! पुन्हा दाबले, जरा रागाने दाबले, शेवटी देवाचे नाव घेऊन दाबले. ढिम्म!

स्टेशनाजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेलो. तिथल्या गृहस्थांनी तो उघडलासुद्धा नाही. बटण एकदा दाबले, मान हलवली आणि म्हणाले, "मदरबोर्ड गेला. एवढ्या जुन्यावर कशाला खर्च करता? नवीन घ्या." डॉक्टरने रोग्याला न तपासता दाखला लिहून द्यावा, तसा प्रकार. मी मात्र तो दाखला खिशात घालून मुकाट्याने घरी आलो, आणि त्या दिवशी अण्णांनी बाडाबद्दल विचारले तेव्हा आंघोळीला निघून गेलो.

वसुबारसेला पुण्याहून भाची आली. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिला हकीकत सांगितली तर म्हणाली, "मामा, भिंतीतल्या प्लगमध्ये तरी वीज आहे का, ते पाहिलंस?"

मला राग आला. पण पाहिले नव्हते, हेही खरे. तिने त्या प्लगला टेबललॅम्प लावून बघितला, तो पेटला. मग लॅपटॉप टेबलावर पालथा घातला आणि बॅटरीवरून बोट फिरवले. "फुगलेली नाही. फुगली असती तर पुढं काहीच केलं नसतं, ती पेट घेऊ शकते." बॅटरी काढली, वायर काढली, आणि बटण चांगले तीस सेकंद दाबून धरले. आत साठून राहिलेली थोडी वीज असे केल्याने निचरून जाते म्हणे, आणि कित्येक आजारी यंत्रे तेवढ्यानेच उठून बसतात. आमचे बसले नाही.

शेजाऱ्यांकडून मीटर आणला. ॲडॅप्टरवर लिहिले होते १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअर. मीटरने १९ दाखवले. मी म्हटले, झाले, म्हणजे दुकानदार खरा! पण तिने पिनेजवळची वायर जराशी वाकवली, आणि काटा सरळ शून्यावर. वरून वायर धडधाकट, आतून तुटलेली! ॲडॅप्टरवरचा दिवा मात्र इमानाने पेटलेला. म्हणजे दिवा लागतो म्हणून वीज पोचते, असे धरून चालायचे नाही.

दुसऱ्या दिवशी मी लॅमिंग्टन रोड गाठला. भाचीने चिठ्ठीच लिहून दिली होती : व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, पीन तीच. (किराणा आणायलाही मला चिठ्ठी लागते, तेव्हा यात कमीपणा वाटला नाही.) नवा ॲडॅप्टर लावला आणि काय आश्चर्य, दिवा लागला! पंखा घरघरला! सौ. करंज्यांचा झारा हातात घेऊनच धावत आली. पण पडदा काळाकुट्ट.

भाचीने खोलीतला दिवा मालवून पडद्यावर तिरपी टॉर्च धरली. पडद्यामागचा उजेड तेवढा गेला असेल तर अशा वेळी अंधूक चित्र दिसते. काही दिसले नाही. मग बॅटरी आणि वायर पुन्हा काढून तळाचे झाकण उघडले. आत पंख्यावर धुळीची गोधडीच होती. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात शाळकरी खोडरबराने हलकेच घासले, पट्टी परत टच्चकन बसवली. पुन्हा बटण. पंखा चार सेकंद फिरला, थांबला, आणि मग दिवाही लागेना.

आम्ही तिघे गप्प बसलो. आतून अण्णांचा आवाज आला, "अरे, माझं बाड..."

भाची म्हणाली, "मामा, तुला लॅपटॉप हवाय, की आजोबांचं लिखाण?"

या प्रश्नापाशी मी पंधरा दिवसांपूर्वीच यायला हवे होते! तिने दोन स्क्रू काढले आणि पत्त्यांच्या जोडाएवढी एक चपटी डबी ओढून बाहेर काढली. अडीच इंची हार्ड डिस्क. लिहिलेले सगळे तिच्यात; बाकीचा लॅपटॉप म्हणजे नुसते घर. काहीशे रुपयांची एक खोकी मिळते, तिच्यात ही डिस्क बसवून दुसऱ्या संगणकाला जोडता येते. (तुमचे यंत्र अलीकडचे पातळ असेल तर डिस्क कधीकधी बोर्डालाच डाग दिलेली असते, किंवा कुलूपबंद असते, तिथे हा उपाय चालत नाही. आणि डिस्क टकटक वाजू लागली तर तत्काळ थांबून जाणकाराकडे न्यावी; एकेका प्रयत्नाने ती आणखी बिघडते.) आमची वाजली नाही. भाचीच्या लॅपटॉपवर अण्णांचे कपाट जसेच्या तसे उघडले. ‘आठवणी’ नावाची फाईल!

ती उघडली, आणि पडद्यावर नुसता कचरा. इंग्रजी अक्षरे, त्यांवर टोप्या, टिंबे, उलटी प्रश्नचिन्हे. भाचीचा चेहरा पडला. "फाईल खराब झाली, मामा."

इथे मात्र मामा कामाला आला. मी म्हटले, "थांब. क्लासातून येऊन अण्णा सांगायचे, मी ‘योगेश’मध्ये लिहितो." आमच्या पिढीला ठाऊक आहे ते हिला कुठून ठाऊक असणार? युनिकोड घरोघर रुळण्याआधी मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागीच मराठी आकार बसवीत. ‘योगेश’ हा पुण्याच्या सी-डॅकच्या फाँटांपैकी एक. तो संगणकात नसला की मागची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. भाचीने जुन्या डिस्कवरचा फाँटांचा कप्पा धुंडाळला. तिथे योगेश होता. तो आपल्या लॅपटॉपवर बसवला आणि फाईल पुन्हा उघडली.

मराठी! एकशे बेचाळीस पाने!

मी त्याच रात्री तीन प्रती काढल्या, आणि रविवार नव्हता.

नरकचतुर्दशीला फराळ झाल्यावर पहिले प्रकरण छापून अण्णांपाशी वाचायला बसलो. चाळीतला जिना, त्यांच्या आईची चूल, छापखान्यातला शाईचा वास. ते डोळे मिटून ऐकत होते. आपले म्हणून ऐकत होते की दुसऱ्या कोणाचे, कळेना. पान संपल्यावर म्हणाले, "बरं लिहितो. कोण आहे रे हा?"

मला उत्तर सुचेना. भाचीने माझ्याकडे पाहिले. एवढ्यात अण्णांनी हात पुढे करून कागद मागितला, डोळ्यांपाशी नेला आणि बराच वेळ पाहत राहिले.

"दुसऱ्या ओळीत ‘आणि’ची णि दीर्घ पडलीय," ते म्हणाले. "पेन्सिल दे."