आसरा दिला, जाब कोण विचारणार?

ठाण्यातल्या बाळकुमहून कल्याणमार्गे उल्हासनगरला गेलं, की पत्ता आजही ‘कॅम्प नंबर चार’ असाच सांगितला जातो. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधले निर्वासित उतरले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी या शहराची कोनशिला बसवली. शेजारी धर्मावरून छळ झाला तर आपलं सरकार काय करतं, याचं हे ठसठशीत उत्तर: येईल त्याला थारा. २०१९चा नागरिकत्व दुरुस्ती कायदा याच वाटेने जातो, तोही ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांपुरता आणि ठरावीक धर्मांपुरता. पाकिस्तानातल्या अहमदियांना त्यात जागा नाही. शिवाय आसरा मिळतो तो घरदार सुटल्यावर. कराची किंवा खुलन्यातच राहू इच्छिणाऱ्याला या कायद्याचा काय उपयोग?

त्याच्यासाठी लागते ती मुत्सद्देगिरी, आणि तिचा कित्ता आपल्याकडे आहे. ८ एप्रिल १९५०च्या नेहरू-लियाकत करारात निव्वळ सदिच्छा नव्हत्या. दोन्ही सरकारांनी आपापला मंत्री दंगलग्रस्त भागात ठेवायचा, अल्पसंख्याक आयोग नेमायचे, वर्षअखेरीपर्यंत परतणाऱ्याला त्याची स्थावर मालमत्ता द्यायची, असं कलमवार ठरलं होतं. करार फसला, असं म्हणणारे पूर्व बंगालातून पुढेही येत राहिलेल्या लोंढ्यांकडे बोट दाखवतात. ते खरंच आहे. पण म्हणून विचारणाच सोडून द्यायची का? डिसेंबर २०२४ मध्ये परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री ढाक्याला जाऊन अल्पसंख्याकांच्या सुरक्षेबद्दल बोलले. तोवर अतिरंजित बातम्यांचा सूर लावणाऱ्या तिथल्या सरकारने दुसऱ्याच दिवशी ८८ गुन्हे आणि ७० अटका जाहीर केल्या. आकडे अपुरे असतील, पण त्यांच्याच तोंडून आले.

हा त्यांचा अंतर्गत मामला, हा आक्षेप टिकत नाही. नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९७९ मध्ये, बांगलादेशाने २००० मध्ये, पाकिस्तानने २०१० मध्ये स्वीकारला, आणि धर्मस्वातंत्र्य त्याच्या १८व्या कलमात आहे. अडचण आहे ती दुसरीच. धर्मस्वातंत्र्यावर नजर ठेवणाऱ्या अमेरिकी आयोगाने आपल्यावर ठपका ठेवला की आपण तो पक्षपाती म्हणून झटकतो. मग ढाका आपलं का ऐकेल? १९५०चा करार दोघांना बांधत होता, म्हणूनच तो मागता आला. तसाच करार आज मागायचा, तर मालमत्ता आणि जमावाच्या हल्ल्यांवरचे त्यांचे प्रश्न आपल्यालाही घ्यावे लागतील. आणि कोणत्या घटनांबद्दल विचारलं, काय उत्तर आलं, हे परराष्ट्र मंत्रालयाने खासदाराच्या प्रश्नाची वाट न पाहता दरवर्षी संसदेत मांडावं.