पन्नास दिवसांची तौबा

अस्तगफार जिभेवर यायला क्षणही लागत नाही. पण ते म्हणताना आपल्याला नेमकं काय हवं असतं? गुन्ह्यातून सुटका, लोकांत राहिलेली अब्रू, की अल्लाहची रजा? हजरत कअब बिन मालिक (रजि.) यांचा किस्सा आपण बयानांत अनेकदा ऐकलेला असतो. या प्रश्नासाठी तो पुन्हा ऐकू या.

हिजरी सन ९. तबूकची मोहीम, कडक उन्हाळा, लांबचा प्रवास. मदीनेत फळं पिकलेली, सावली हवीहवीशी. कअब (रजि.) स्वतः सांगतात, की इतकी सुबत्ता त्यांना पूर्वी कधीच नव्हती, स्वारीसाठी दोन-दोन उंट होते. म्हणजे अडचण कसलीच नव्हती. रोज तयारीला निघायचे आणि काही न करता परतायचे. करता येईल की कधीही! सैन्य निघून गेलं, तरी मन म्हणत होतं, गाठता येईल. मनात निफाक नव्हता. मनाला सावली हवी होती, एवढंच. आपल्या बऱ्याच गुनाहांचं मूळ इतकंच साधं असतं.

सैन्य परतलं. मागे राहिलेले ८० हून अधिक लोक शपथा घेऊन सबबी सांगू लागले. पैगंबर (स.) यांनी त्या वरवर मान्य केल्या आणि त्यांच्या मनातलं अल्लाहवर सोपवलं. त्यांना सुटका हवी होती, ती जागच्या जागी मिळाली. कअब (रजि.) तर शायर, बोलण्यात तरबेज. त्यांना सबब सुचली नसती असं नाही. पण आज रसूलुल्लाह (स.) यांना राजी केलं, तरी अल्लाह उद्या नाराजी उघड करील, हे त्यांनी ओळखलं. म्हणाले, माझ्याकडे कोणतीही सबब नाही.

वर्गात खरं बोलणाऱ्या मुलाला आम्ही शिक्षक बहुधा लगेच माफ करतो. इथं मात्र खोटं बोलणारे निवांत घरी गेले, आणि खरं बोलणारे कअब, मुरारा बिन रबीअ आणि हिलाल बिन उमय्या (रजि.) यांच्याशी बोलणं सर्वांना मना झालं. चुलतभाऊ अबू कतादा (रजि.) यांच्या बागेची भिंत चढून कअब (रजि.) आत गेले, सलाम केला. जवाब नाही. ४० दिवसांनी बायकोपासूनही वेगळं राहण्याचा हुकूम आला.

त्याच दिवसांत गस्सानच्या राजाचं पत्र आलं होतं: तुमच्या माणसानं तुम्हाला टाकलं आहे, आमच्याकडे या, आम्ही कदर करू. मला वाटतं, खरी परीक्षा इथं होती. माणसांतला मान एवढंच हवं असतं, तर तो समोर चालून आला होता. त्यांनी पत्र तंदूरमध्ये टाकलं. सलामाला जवाब न देणाऱ्या मदीनेतच ते थांबले.

५० व्या दिवशी फजरनंतर सलअ डोंगरावरून हाक आली: कअब, खुशखबर! ते सजद्यात गेले. खबर आणणाऱ्याला त्यांनी अंगावरचे दोन्ही कपडे दिले आणि स्वतः उसने घालून मस्जिदीत गेले. या तिघांच्या तौबेचा उल्लेख सूरह तौबाच्या ११८ व्या आयतीत आहे.

मग त्यांनी सगळी मालमत्ता सदका करायची तयारी दाखवली. ज्या सुबत्तेनं पाय अडकवले, तीच सोडायला निघाले. पैगंबर (स.) म्हणाले, थोडी राहू द्या, ते तुमच्यासाठी बरं. तेव्हा त्यांनी खैबरमधला आपला हिस्सा ठेवून घेतला.