नंदुरबारचे वाणी आणि सह्याद्रीतील नरक्या

सातपुड्याच्या पायथ्याशी पूर्वेला संग्रामपूर, पश्चिमेला नंदुरबार. नंदुरबारला जन्मलेल्या मनसुख वाणी यांनी अमेरिकेत मन्रो वॉल यांच्यासह १९६६ मध्ये कॅम्प्टोथेसिन व १९७१ मध्ये टॅक्सॉल ही वनस्पतिजन्य कर्करोगरोधी द्रव्ये जगापुढे आणली. टॅक्सॉलपायी यू वृक्षांच्या साली सोलल्या गेल्या. आज यूच्या पेशी टाकीत वाढवतात, त्यांना जास्मोनेट देतात (पेशीला कीड लागल्याचा भास होतो!) आणि द्रव्याचे प्रमाण वाढते. कॅम्प्टोथेसिन देणारा सह्याद्रीतील नरक्या मात्र चोरून तोडला जात राहिला. केवळ वनरक्षकांवर भिस्त ठेवून तो वाचणार नाही. त्याच्या पेशीसंवर्धनावर पैसा खर्चायला हवा. संवर्धित पेशींत द्रव्य अत्यल्प उतरते, हा आक्षेप खरा; प्रारंभी टॅक्सॉलचीही हीच गत होती.