शेतातले प्लॅस्टिक पेटवू नका



१९६९ साली आपल्या वडोदऱ्यात आयपीसीएल स्थापन झाली (२००७ मध्ये ती रिलायन्समध्ये विलीन झाली) आणि पुढे खनिज तेलापासून इथे प्लॅस्टिक तयार होऊ लागले. ठिबकच्या नळ्या पॉलिथिनच्या, खताची गोणी पॉलिप्रॉपिलिनची, पाण्याचा पाइप पीव्हीसीचा. या वस्तूंनी आपले कष्ट वाचवले. दोष वस्तूंचा नाही, त्या पेटवण्याचा आहे.

पीव्हीसीचे सुमारे निम्मे वजन क्लोरीनचे असते. ते जाळल्यास आम्लाची वाफ व डायॉक्सिन हे विष निघते. डायॉक्सिन चाऱ्यावर बसते, गाईच्या दुधात उतरते आणि मुलांच्या पेल्यात येते. म्हणून पाइपचे तुकडे वेगळे ठेवून भंगारवाल्याला द्यावेत. चुलीत किंवा बांधावर कधीही जाळू नयेत.