सातबारा (१), सातबारा (२), सातबारा फायनल!

ऑफिसच्या लॅपटॉपवर आपण काय शिस्तीत असतो! प्रत्येक प्रेझेंटेशनला नाव, तारीख, व्हर्जन. आणि घरचा कॉम्प्युटर? तिथे 'फायनल', 'फायनल न्यू' आणि 'हेच फायनल' गुण्यागोविंदानं नांदत असतात.

आमच्या घोडेगावच्या घरी या गर्दीचं नाव आहे सातबारा. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा ऑनलाइन मिळायला लागला आणि अण्णा जाम खूश झाले. बँकेला हवा, काढ उतारा. सोसायटीला हवा, काढ उतारा. डाउनलोडमध्ये ही रांग! "अण्णा, एवढे कशाला?" "असू दे रे, लागतो." मग डिस्क भरली, की आवराआवरीचं खातं अर्थातच माझ्याकडे.

आता गंमत बघा. नाव सारखं म्हणजे फाईल तीच, असं मुळीच नाही. ब्राउझर नुसता कंसात आकडा वाढवतो, आत काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. आजोबांच्या नावाचा उतारा आणि वारसनोंदीचा फेरफार मंजूर झाल्यानंतरचा उतारा. गट नंबर तोच, फाईलचं नाव तेच, पण मालकाच्या रकान्यात पिढी बदललेली! जुना 'ड्युप्लिकेट' म्हणून उडवला तर जमीन काही जात नाही, मूळ नोंद सरकारदप्तरी असते. पण उद्या ते जुनं नाव दाखवायची वेळ आली, की हेलपाटे आलेच.

म्हणूनच चांगलं सॉफ्टवेअर नुसत्या नावावर जात नाही. ते आधी फाईलचा आकार बघतं. आकार जुळला, तर 'हॅश' काढतं. हॅश म्हणजे फाईलच्या अंगठ्याचा ठसाच म्हणा ना. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेली एमडी५ पद्धत केवढ्याही फाईलचा अक्षर-आकड्यांचा ३२ घरांचा ठसा देते. आत एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला, की ठसा पार बदलतो. म्हणजेच वेगवेगळ्या दिवशी काढलेले उतारे, बाकी सगळं सारखं असूनही, नुसत्या तारखेमुळे वेगळे ठरतात. ते आपल्यालाच उघडून, फेरफार नंबर बघून ठरवावे लागतात.

फोटोंचं उलटं. व्हॉट्सअॅपवर फिरून आलेला लग्नाचा फोटो सहसा आकसलेला असतो, कधी-कुठे काढला ही माहितीही गळालेली असते. दिसायला जुळे, पण ठसा वेगळा. यातला मोठ्या आकाराचा ठेवायचा, बारका काढायचा.

कामाला लागायचंय? डुपगुरू हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि एकसारख्या दिसणाऱ्या फोटोंच्या जोड्याही शोधतं. आयफोनवर २०२२ च्या आयओएस १६ पासून फोटोंमध्ये 'ड्युप्लिकेट्स' असा वेगळा अल्बमच आहे. फक्त तीन पथ्यं पाळा. आधी बॅकअप. विंडोजच्या सिस्टिम फोल्डरला हात नाही, तिथल्या जुळ्या फाईल्स मुद्दाम ठेवलेल्या असतात. आणि गूगल फोटोजशी सिंक केलेल्या फोनवर जपून, तिथून उडवलेला फोटो फोनमधूनही जाऊ शकतो.

शेवटचं, आमच्या गावाकडचं. आमच्या तालुक्याचं नाव आंबेगाव, पण कचेरी घोडेगावात. मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं, नाव मात्र पाट्यांवर राहिलं. डेस्कटॉपवरचा शॉर्टकटही अगदी असाच असतो. नाव दिसतं, मागे गाव असेलच असं नाही! तेव्हा कॉपी उडवण्याआधी जी ठेवणार ती फाईल एकदा उघडून बघा. उघडली? मग बाकीच्या खुशाल डिलीट करा. रिसायकल बिन मात्र महिनाभरानंच रिकामी करा हं. तोवर अण्णांना एखादा उतारा हमखास लागतो!